मदत हवी आहे: पुढे सुधारणा करता येतील असे स्वस्त एअर पिस्तूल कोणते?

नेमबाज राही सरनोबत यांच्या कोल्हापुरात राहून मुलीला नेमबाजीचे वेड लागले नसते तरच नवल. ती १० मीटरचा सराव करते, परंतु क्लबच्या पिस्तुलाची मूठ तिच्या हाताला इतकी मोठी आहे की अंगठ्याखाली चिकटपट्टीचे वेढे द्यावे लागतात. त्यामुळे ४.५ मिमी छऱ्याचे, वापरलेले पण सिलिंडर (दाबलेल्या हवेची नळी) वापराच्या मुदतीत असलेले पिस्तूल घेऊन मूठ ओळखीच्या सुताराकडून अक्रोडाच्या लाकडात घडवून घ्यावी, ट्रिगरचे नंतर पाहावे, असा विचार आहे. स्पर्धेत ट्रिगरचा भार (तो ओढायला लागणारा जोर) किमान ५०० ग्रॅम लागतो, हे ठाऊक आहे. बॅरल उत्तम असल्यास बाकीचे सावकाश बदलता येते, असे मला वाटते. चुकत असल्यास स्पष्ट सांगावे. सुटे भाग सहज मिळतील असे कोणते मॉडेल घ्यावे?