मदत हवी आहे: तापमानवाढीचं उत्तर चुकतंय, सोमवारी सेमिनार

सोलापुरी_फोटॉन: एमएस्सीचा सेमिनार, विषय अतिशीत डिटेक्टरने किरणोत्सार मोजणे. सोन्याच्या तुकड्यात अमेरिशियम-241 बंद केलं, एक अल्फा कण सुटला, तर सोनं किती तापेल? माझं उत्तर 7 पिकोकेल्विन, म्हणजे मोजताच येणार नाही इतकं कमी. तीनदा केलं, तेच येतंय. लोक तर आरामात मोजतात. लवकर सांगा.

रेडियम_काका: सोनं किती? विशिष्ट उष्मा किती धरलास?

सोलापुरी_फोटॉन: 1 ग्रॅम. 0.129 ज्यूल प्रति ग्रॅम प्रति केल्विन, पुस्तकातलाच.

हुरडा_पार्टी: हे सोड बे, गायगर काउंटर घे. खताच्या दुकानातून पोटॅश आण, त्यातलं पोटॅशियम-40 मोज. आम्ही बीएस्सीला केलं, परीक्षक खूश!

रेडियम_काका: हुरडा, त्यानं गणित विचारलंय. गायगर कण आला एवढंच सांगतो, ऊर्जा नाही. फोटॉन, डिटेक्टर किती केल्विनला?

सोलापुरी_फोटॉन: 20 मिलिकेल्विन. अतिशीत म्हटलं की आलंच ना ते.

रेडियम_काका: मग 0.129 कशाला? तो खोलीच्या तापमानाचा. इतक्या थंडीत अणूंच्या कंपनाचा वाटा नगण्य, उरतो इलेक्ट्रॉनांचा, आणि तो तापमानाच्या प्रमाणात घटतो. सोन्याला मोलमागे 0.7 मिलिज्यूल प्रति केल्विन वर्ग. 20 मिलिकेल्विनला तुझ्या ग्रॅमला 70 नॅनोज्यूल प्रति केल्विन. कर भागाकार.

मोहोळकर: आमच्याकडे जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन असतो. विचारू का?

रेडियम_काका: तो 77 केल्विन, मोहोळकर. इथं हेलियम-3 आणि हेलियम-4 च्या मिश्रणावर चालणारा डायल्यूशन फ्रिज लागतो.

सोलापुरी_फोटॉन: 12.5 मायक्रोकेल्विन आलं!! अल्फाची ऊर्जा 5.49 एमईव्ही धरून.

अर्धायुष्य: 5.64 धर. स्रोत सोन्यातच आहे, त्यामुळे मागे उसळणाऱ्या नेपच्युनियमची (अल्फा गेल्यावर उरलेल्या अणूची) आणि सोबतच्या गॅमा किरणाची ऊर्जाही तिथंच जिरते. या पद्धतीची खरी मजा तीच.

हुरडा_पार्टी: आणि 60 केईव्हीची गॅमा निसटली तर?

अर्धायुष्य: पावणेचार मिलिमीटरचा सोन्याचा ठोकळा आहे तो, कुठून निसटेल? फोटॉन, बिस्मथ-209 पण सांग. 2003 मध्ये फ्रान्सच्या गटानं 20 मिलिकेल्विनच्या बोलोमीटरनं (तापमानवाढीवरून ऊर्जा मोजणाऱ्या अशाच डिटेक्टरनं) त्याचा अल्फा ऱ्हास पकडला. त्याआधी तो स्थिर मानायचे.

हुरडा_पार्टी: बिस्मथचं अर्धायुष्य किती?

अर्धायुष्य: 1.9 गुणिले 10 चा 19 वा घात, वर्षं.

मोहोळकर: मग नायट्रोजनचं काय करू? कंपाउंडरला फोन लावलाय.