शेतकऱ्याच्या विधवेनं स्वतःचं दुःख स्टेजवर मांडावं का?

वर्धेची_वाट:
आमच्या विदर्भात तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचं कार्य. पाहुणे जेवतात, गाडीला बसतात, आणि मग घरात फक्त ती आणि लेकरं. याच नावाचं नाटक श्याम पेठकरांनी लिहिलं आणि हरीश इथापेंनी बसवलं, त्यात काम करणाऱ्या बायका शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्याच. त्यांच्यातल्याच वैशाली येडे, अंगणवाडीत काम करणाऱ्या, त्यांच्या हस्ते जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं हे बऱ्याच जणांना आठवत असेल.

मी काकूला घेऊन गेलो होतो प्रयोगाला. काका गेल्यापासून नऊ वर्षं ती त्या विषयावर एक शब्द बोलली नव्हती, नाटक चालू असताना पण गप्पच होती, मला वाटलं उगाच आणलं हिला. परतताना एसटीत खिडकीकडे बघत म्हणाली, तुझ्या काकानं आदल्या दिवशी किराणावाल्याची 340 रुपयांची उधारी फेडली होती, मला तेरवं झाल्यावर दुकानात कळलं. नऊ वर्षं हे एकटीनं धरून ठेवलं होतं तिनं! म्हणून माझं मत आहे की असं नाटक, असं लिहिणं गावोगावी व्हायला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

कोरडवाहू:
काकूंबद्दल वाचून गलबललं. पण मला पटत नाही, आणि का ते सांगतो. माझा भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी एक संस्था आली गावात, मन मोकळं करायचं शिबिर म्हणून. बायकांना गेलेल्या नवऱ्याला पत्र लिहायला लावलं, मग एकेकीला माईकवर वाचायला उभं केलं. वहिनी अर्ध्यात कोसळली, तेवढ्यात फोटो निघाले, टाळ्या पण वाजल्या. ते लोक संध्याकाळी गेले आणि वहिनी पंधरा दिवस घराबाहेर पडली नाही. नंतर कुणाचा फोन नाही.
तिला त्या वेळी पाहिजे होतं सातबाऱ्यावर नाव. मदतीची केस पात्र की अपात्र हे ठरवून घ्यायला तहसीलच्या चकरा मारत होती ती, एक लाखासाठी, त्यातले पण 30 हजार हातात आणि बाकीचे ठेव म्हणून. नवऱ्याचं मरण अपात्र आहे असं ज्या बाईला ऐकावं लागतं तिला तुम्ही पत्र लिही म्हणता?

जात्यापाशी:
कोरडवाहू, जे झालं ते वाईटच झालं. पण बाईनं दुःख शब्दात मांडणं शहरातल्या लोकांनी आणलं असं नका समजू. आमची आजी पहाटे जात्यावर बसली की सगळं तिथंच निघायचं, सासुरवास, गेलेलं लेकरू, माहेर तुटलेलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्यात. पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले ते चांगलंच झालं, पण ती जागा पण गेली आणि तिच्याऐवजी दुसरी कुणी दिली नाही.
एक फरक मात्र मला मान्य आहे. जात्यासमोर प्रेक्षक नव्हता. असलीच तर समोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ नाहीतर शेजारीण, आणि ती पण ओवी जोडायची. नुसतं ऐकायला कुणी नसायचं.

किल्लारीकर:
मी भूकंपातला. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जन करून झोपलो होतो, पहाटे चारच्या सुमाराला सगळं संपलं. आमच्याकडं तर सांत्वनाला यायला पण कोण राहिलं नव्हतं, ज्याच्या गळ्यात पडायचं त्याच्याच घरातले चार गेलेले. पुढं नवीन गाव बसलं, सरळ रस्ते, ओळीत घरं, पण जुनी गल्ली आणि जुना शेजार मोडला तो मोडलाच.
बऱ्याच वर्षांनी आम्ही गल्लीतले तिघं चौघं बसून शाळेच्या वहीत नावं लिहायला लागलो, कुठल्या घरात कोण होतं, कोण काय म्हणून हाक मारायचं. रडलो, भांडलो पण, एका म्हातारीचं खरं नाव कोणालाच आठवेना. याला बरं होणं म्हणत नाही मी. पण ती वही आमच्यापाशी आहे. दरवर्षी 30 तारखेला बाहेर काढतो.

वर्धेची_वाट:
कोरडवाहू, सातबारा आधी हे शंभर टक्के मान्य. पण सातबारा मिळाल्यावर काकू बोलली असती असं मला नाही वाटत, तिचा सातबारा केव्हाच झाला होता. आणि तेरवंमधल्या बायका एकदा रडून घरी गेल्या नाहीत, तालमी केल्या, एकमेकींच्या घरचं ऐकलं, पुन्हा पुन्हा उभ्या राहिल्या. एका दुपारच्या शिबिराशी त्याची तुलना नको.

कोरडवाहू:
तालमीचा मुद्दा मान्य. तरी पुन्हा पुन्हा तीच जखम उघडायची हे मला अजून झेपत नाही. मला 19 मार्चचा उपास जवळचा वाटतो. 1986 साली त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं बायको आणि चार लेकरांसह जीव दिला, त्या सगळ्यांच्या आठवणीत 2017 पासून लोक त्या दिवशी अन्नत्याग करतात. मी पण करतो. कुणाला रडायला सांगायचं नाही, टाळी नाही.

जात्यापाशी:
तुम्ही बोलताय, आम्ही बोलतोय. वहिनींना विचारलंत का कधी?

कोरडवाहू:
विचारलं आत्ता जेवताना. मला वाटलं चिडेल. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली लिहिताना बरं वाटलं होतं, वाचायचं नव्हतं मला. आणि ते पत्र त्या लोकांनी नेलं ते परत मिळंल का, त्यात मी ह्यांना पोराच्या दाखल्याचं पण लिहिलं होतं.
उद्या त्या संस्थेला फोन लावतो.