मदत हवी आहे: 'हुद्दार' आडनाव नक्की कुठलं? रविवारच्या आत पाहिजे

हुद्दार_बेळगाव (मंगळवार, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी. आमचं आडनाव हुद्दार. हे कुठून आलं, कशावरून पडलं आणि अशी घरं एकंदर किती असतील, एवढंच पाहिजे. आमच्या भावकीची चार घरं सोडली तर मला आजवर दुसरा हुद्दार भेटलेला नाही. शाळेत मास्तर हजेरीला 'उद्धार' म्हणायचे नि सगळा वर्ग हसायचा. गॅसच्या पुस्तकावर 'हुडार' आहे. मतदार यादीत तर काय लिहिलंय ते मलाच वाचता येत नाही.
पुतणीचं जमवायलोय. गडहिंग्लजचे पाहुणे दोनदा येऊन गेले, मुलगी पसंत, चहापोहे झाले, आणि जाताना चप्पल पायात घालता घालता विचारलं, हुद्दार म्हणजे तुम्ही नक्की कोण? दादानं काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. रविवारी परत येणार आहेत. ठोस माहिती असेल तरच लिहा. गूगल करून झालंय.

कुंदाप्रेमी
मूळ गाव? कुलदैवत? आणि पाहुण्यांनी नेमकं काय विचारलं, शब्द न् शब्द सांगा.

हुद्दार_बेळगाव
गाव बेळगावच, आयडीतच आहे की. कुलदैवताचा आडनावाशी काय संबंध? काय विचारलं ते वर लिहिलंय.

धारवाडी_पेढा
सोपं आहे हो. कानडीत हुडे म्हणजे गावाच्या राखणीचा बुरूज. आमच्याकडं जुन्या गावांत अजून एखादा पडका हुडे दिसतो, पोरं वर चढून पतंग उडवतात. जुन्या मराठीतही बुरुजाला हुडा म्हणत. त्या बुरुजावर पहाऱ्याला असणारा तो हुडेदार, त्याचा झाला हुद्दार. तुमची आडनावं आमच्या भाषेतूनच आलीत, मान्य करायला जड जातं एवढंच. नाडकर्णी घ्या, नाडगौडा घ्या. नाडू म्हणजे प्रांत.

मोडी_शिकतोय
पेढेसाहेब, नाडकर्णी-नाडगौडा मान्य. हुद्दार नाही. ज्यात 'दार' येतं तिथं आधी फारसीकडं बघावं. हुद्दा म्हणजे अधिकाराची जागा. मूळ अरबी उहदा, उर्दूत ओहदा, मराठीत हुद्दा आणि तुमच्या कानडीतही हुद्दे. ज्याच्याकडं हुद्दा तो हुद्देदार, बोलताना मधला 'दे' गिळला की हुद्दार. जमादार, किल्लेदार, फौजदार याच पंगतीतले. सबनीस, पोतनीस, फडणीस यांतला 'नीस' म्हणजे लिहिणारा, तोही फारसीच. आदिलशाहीत ही पदं रुळली, मराठ्यांनी ती तशीच चालवली आणि पदं गेल्यावर आडनावं मागं राहिली.
धागाकर्ते, पद कुठलं होतं ते यातून कळत नाही. हुद्देदार म्हणजे नुसता अंमलदार. कुठल्या अमलातला, ते कागदच सांगेल.

धारवाडी_पेढा
मग 'डार' कुठून आलं? त्यांच्या गॅसच्या पुस्तकावर हुडार आहे, वाचलं नाही वाटतं.

मोडी_शिकतोय
इंग्रजी 'डी' वाचून कारकुनानं 'डा' केला, त्यात कसली व्युत्पत्ती? माझ्या वीजबिलावर आडनावातला अर्धा र गायब आहे.

विदर्भ_मेल
हुद्दार नागपूरकडचे ना? गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार, जे स्पेनच्या यादवी युद्धात जॉन स्मिथ नाव घेऊन फ्रँकोविरुद्ध लढायला गेले आणि कैदेत पडले. तुमच्या नात्यातले का? असतील तर त्यांच्यावर स्वतंत्र धागा काढा प्लीज, फार जबरदस्त माणूस.

हुद्दार_बेळगाव
आमचा नागपूरशी काहीएक संबंध नाही. स्पेनशी तर नाहीच.

मोडी_शिकतोय
हेच सांगायचं होतं. पदावरून पडलेलं आडनाव ज्याच्या घरी पद त्याला चिकटतं. पाटील किती जातींत आहेत बघा, देसाई बघा. नागपूरचे हुद्दार आणि तुम्ही एका मुळाचे असालच असं नाही.

अक्का_निपाणी
मला एक कळंना, पाहुण्यांना आडनावाचा इतिहास कशाला पाहिजे असेल? तुमची जात कुठली, देवक कुठलं, ते सांगितलंत का त्यांना? ते त्याचंच विचारालेत बगा.

हुद्दार_बेळगाव
अक्का, जात त्यांना माहीत आहे, मध्यस्थ दोघांच्या ओळखीचा. मराठाच. प्रश्न आडनावाचा आहे.

टिळकवाडी_निवृत्त
"घरं किती" या भागाचं उत्तर देतो. जनगणनेतून आडनावांचे आकडे मिळत नाहीत. भरलेले तक्ते १९४८ च्या जनगणना कायद्यानं गोपनीय असतात. आडनावांची संख्या सांगणाऱ्या ज्या विदेशी साइट आहेत, त्यांचे आकडे अंदाजाचे. त्यात रोमन लिपीतलं एकच स्पेलिंग म्हणजे एकच आडनाव धरतात. तुमचं एकट्याचं चार तऱ्हेनं लिहिलं गेलंय, म्हणजे तिथं तुम्ही चार वेगळी घराणी व्हाल.
मतदार याद्या चाळणं हाच एक कष्टाचा मार्ग. पण आपल्याकडच्या याद्या कानडीत, त्यात पुष्कळांचं नाव नि वडिलांचं नाव एवढंच, आडनाव नुसत्या आद्याक्षरावर. निवृत्तीनंतर मी माझ्या आडनावासाठी एका मतदारसंघाची यादी चाळली. डोळे गेले, तीन घरं सापडली, त्यातलं एक माझं.

नोटरी_चौक
आडनावाचा त्रास असेल तर बदलून घ्या. प्रतिज्ञापत्र करायचं, वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची, मग राजपत्र. नंतर आधार, पॅन, बँक क्रमानं. दाखल्यावरचं मात्र शाळेतूनच दुरुस्त होतं, त्याला वेळ लागतो. व्यनि (खाजगी निरोप) करा.

हुद्दार_बेळगाव
कोणी म्हटलं बदलायचंय म्हणून??

सीमावासी_८६५
हे सगळे घोळ १ नोव्हेंबर १९५६ चे. मुंबई राज्यात होतो तोवर दाखला, उतारा सगळं आपल्या अक्षरात होतं. मराठी आडनाव कानडीत घातलं की असंच होणार. सीमाभागातल्या ८६५ गावांचा प्रश्न सुटल्याशिवाय...

धारवाडी_पेढा
आली का गाडी स्टेशनात! सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ लाच आला, एकदा वाचून काढा.

सीमावासी_८६५
तुम्हीच वाचा, आम्ही तो मानतच नाही. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे.

(पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडं भांडा. इथं आडनाव. – संपादक)

कुंदाप्रेमी
धागाकर्ते, "गाव बेळगावच" म्हणालात. बेळगावात कुठं? किल्ला, कसबा, शहापूर, वडगाव? किती पिढ्या? कागद कुठं शोधायचे ते यावर ठरतं.

हुद्दार_बेळगाव
शहापूर. पणजोबांपासून.

कुंदाप्रेमी
अहो, मग हे आधी सांगायचं! शहापूर सांगली संस्थानात होतं. पलीकडं बेळगाव ब्रिटिशांचं, अलीकडं पटवर्धनांचं. पणजोबांच्या काळातला कागद असेल तर तो सांगलीच्या दप्तरातला. बेळगावच्या कचेरीत हेलपाटे घालून काय मिळणार? बरं, पणजोबांपासून म्हणजे त्याआधी कुठं?

हुद्दार_बेळगाव
आत्ता आईला विचारलं. त्याआधी चंदगडकडचे. हेऱ्याच्या बाजूला कुठलं तरी खेडं, नाव तिला आठवेना. प्लेगात घर मोडलं म्हणून उठून आले म्हणतात.

मोडी_शिकतोय
मंडळी, दोन दिवस आपण बेळगाव-बेळगाव करत होतो आणि माणूस चंदगडचा निघाला.
बरं झालं. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, नंतर कोल्हापूरला जोडला. म्हणजे तुमचा जुना जमिनीचा कागद असलाच तर दोन्हीकडं विचारावं लागेल. शिवाय हेरे सरंजामाची, म्हणजे जहागिरीची, गावं त्याच भागात. सरंजाम आला की अंमलदार आले, अंमलदार आले की हुद्देदार. हा माझा तर्क, पुरावा नाही, पण बसतो.

गडभटक्या
चंदगड म्हटल्यावर राहवलं नाही. पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड, महिपालगड, एका तालुक्यात चार गड! म्हणजे बुरूजच बुरूज. मग पेढ्यांचा हुडेदारही तितकाच बसतो की. पारगडला पावसाळ्यात जाऊ नका, जळवा फार. चंदगडहून सकाळी गाडी असते, परतीची मात्र विचारून ठेवा.

धारवाडी_पेढा
धन्यवाद. कोणीतरी शहाणं आलं.

अक्का_निपाणी
तुमच्याकडं हेळवी येत होते का? आमच्या सासरी सुगी झाली की नंदीवर बसून यायचे. दारात बसून सात-आठ पिढ्या म्हणून दाखवायचे, कोण कुठल्या गावातनं उठला, कुणाला मूल नाही, सगळं. धान्य नि लुगडं घेऊन जायचे. चोपडीत नवीन पोरांची नावं घालून घ्यायचे. आईला विचारा. आणि घरात जुनी भांडी आहेत का? आमच्या सगळ्या भांड्यांवर नावं आहेत.

हुद्दार_बेळगाव (शुक्रवार, रात्री ११.१५)
अक्का, तुमच्यामुळं आज माळा उपसला. हेळवी यायचे, पण आजोबा गेल्यावर आमच्याकडचं बंद झालं. भांडं मात्र सापडलं. पणजीचा तांब्याचा हंडा, आत जुन्या पंचांगांची रद्दी कोंबलेली. गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलंय. पहिलं पणजोबांचं नाव (इथं देत नाही), मग 'हु', मग एक अक्षर, मग 'दार', आणि पुढं शके १८४६.
मधलं अक्षर 'दे' आहे का 'डे' तेच कळेना. ठिपके झिजलेत. दादा म्हणतो दे, मला डे दिसतंय, आईला चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही. मोबाईलचा फोटो काढला तर नुसती चमक येते.

धारवाडी_पेढा
डे!!

मोडी_शिकतोय
न बघताच? शके १८४६ म्हणजे १९२४, म्हणजे शहापुरात आल्यावरचा हंडा. पतंगाचा पातळ कागद अक्षरांवर घट्ट धरा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. ठिपके कागदावर पांढरे उठतील. द चा पोटातला वळसा आणि शेवटी खाली सुटलेलं शेपूट बघा. ड ला तसं शेपूट नसतं, तो खाली गोल वळून थांबतो.

टिळकवाडी_निवृत्त
आणि हेही लक्षात घ्या की नाव घालणाऱ्यानं जे कानावर पडलं ते घातलं. १९२४ साली कासाराच्या दुकानात तुमचं आडनाव कसं ऐकू आलं, एवढंच त्या हंड्यावरून कळेल. आधीच्या दोनशे वर्षांचं नाही.

अक्का_निपाणी
तांब्याला चिंच लावून घासू नका तोवर. अक्षरं आणखी जातील.

हुद्दार_बेळगाव (शनिवार, सकाळी ८.०५)
काकूनं पहाटेच घासला. पाहुणे येणार म्हणून. लखलखतोय नुसता.

मोडी_शिकतोय
तरी कागद लावून बघा. ठिपके टोच्यानं पाडलेले असतात, खोल असतात.

हुद्दार_बेळगाव (शनिवार, दुपारी ३.३०)
बघितलं. तीन कागद फाटले, चौथ्यावर उठलं. शेपूट आहे. 'दे'. हुदेदार. जोडाक्षर नाही, नुसता द. काकू म्हणते तिच्या सासूबाईपण हुदेदारच म्हणायच्या, आम्ही कोणी कधी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही. चाळीस वर्षं!

धारवाडी_पेढा
कागदाचा फोटो टाका. मी माझा मुद्दा सोडलेला नाही.

सांगलीकर_दिल्लीत
हरियाणात हुड्डा आडनाव असतं, त्यांच्याशी काही कनेक्शन?

हुद्दार_बेळगाव (रविवार, रात्री १०.२०)
पाहुणे येऊन गेले. मी कागद, हंडा, हुद्दा, ओहदा, हेरे सरंजाम सगळी तयारी करून बसलेलो. त्यांच्यातले थोरले काका दहा मिनिटं ऐकत बसले. मग म्हणाले, ते सगळं चांगलंच आहे हो, पण हुद्दार हे पदाचं आडनाव झालं, खाली कुळी कुठली आणि देवक काय ते आम्ही त्या दिवशी विचारलेलं. आमचं पंचपल्लव आहे. तुमचंपण तेच निघालं तर सोयरीक होत नाही, म्हणून विचारलं.
आई आतनं चहा घेऊन आली नि म्हणाली, आमचं कळंब. संपलं.
अक्का, तुम्ही मंगळवारीच म्हणालेला.

अक्का_निपाणी
सुपारी कधी फोडालात मग? आणि कुळी?

हुद्दार_बेळगाव
पुढच्या गुरुवारी. कुळी आईलाही माहीत नाही. हेळव्यांची चोपडी कुठं असेल, कोणाला पत्ता लागला तर सांगा. गोकाक-चिकोडीकडं विचारायला सुरुवात करतोय. ह्यावेळी घाई नाही.