हरवलेल्या जिओकॅशच्या जागी दुसऱ्याने डबा ठेवावा का?

राजहंस (बेळगाव):

पावसाळा संपून राजहंसगड, वल्लभगड आणि कणकुंबीकडच्या वाटा पुन्हा चालण्याजोग्या झाल्या की आपल्या भागात जिओकॅशिंग करणाऱ्यांपुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो: नकाशावर दिसणारा डबा जागेवर नसेल, तर शोधायला गेलेल्याने काय करावे? ज्यांना हा छंद नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक खेळाडू नोंदवही घातलेला डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो, आणि इतर जण जीपीएसच्या आधारे तो शोधून वहीत सही करतात व डबा होता तसा परत ठेवतात. डबा लपवणारा हा त्या कॅशचा, म्हणजे लपवलेल्या डब्याचा, मालक असतो आणि तिची देखभाल ही त्याचीच जबाबदारी असते.

अलीकडे एक पायंडा पडू पाहत आहे. डबा मिळाला नाही की खिशातली एखादी डबी काढायची, तिच्यात कागदाची पट्टी घालायची, ती अंदाजाने तेथे ठेवायची आणि संकेतस्थळावर ‘सापडला’ अशी नोंद करून मोकळे व्हायचे. खेळाडू याला थ्रोडाउन म्हणतात. मालकाला न विचारता असे करणे चुकीचे आहे आणि ते आपण सर्वांनी थांबवावे, असे माझे ठाम मत आहे.

डबा न सापडणे आणि डबा तेथे नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोपर्यंत ती चूक शंभर मीटरपर्यंत जात असे. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात पहिली बादली लपवली गेली आणि हा खेळ सुरू झाला. तरीही मोकळ्या आकाशाखाली आपल्या मोबाईलचे स्थान आजही सुमारे पाच मीटरने हुकू शकते, आणि दाट झाडीत किंवा कड्याखाली त्याहून जास्त. जांभ्या दगडाच्या उतारावर पाच मीटरच्या आत हात घालून पाहण्यासारख्या कितीतरी कपारी असतात. येळ्ळूरच्या बाजूला एका डब्याचे असेच झाले. मूळ डबा एका सुट्या चिऱ्यामागे सुखरूप होता. तो न दिसल्याने कोणीतरी हातभर अंतरावर औषधाची रिकामी बाटली ठेवली. त्यानंतर येणाऱ्यांपैकी काहींनी बाटलीतील पट्टीवर सह्या केल्या, काहींनी खऱ्या वहीत केल्या, आणि मालकाला कोणती नोंद ग्राह्य धरावी हेच कळेनासे झाले. ज्या वस्तूची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही अशी वस्तू गडाच्या वाटेवर टाकून येणे म्हणजे कचरा टाकणेच होय.

खानापूरकर:

राजहंसदादा, आपले म्हणणे तत्त्वतः योग्य असले तरी ते जेथे खेळाडू भरपूर आहेत अशा शहरांना लागू पडते. आमच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी ते चोर्ला घाट या पट्ट्यात, हा छंद करणारी माणसे अगदी मोजकी आहेत. डबे बहुधा पुणे, गोवा किंवा बेंगळुरूच्या लोकांनी सहलीला आले असताना ठेवलेले असतात. एखादा माणूस पहाटे निघून, बस बदलत, उरलेली वाट चालत तेथे पोहोचतो, तासभर शोधतो, आणि कपारीत त्याला फक्त डब्याचे तुटलेले झाकण मिळते. डबा गेला आहे याचा यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? अशा वेळी त्याने नवा डबा ठेवला, तर पुढच्या माणसाची पायपीट वाचते. मालक नोकरीसाठी परदेशी गेला आणि निरोपाला उत्तरही देत नसेल, तर केवळ नियमाखातर ती जागा ओस पाडावी का?

शिवाय आपल्याकडे डबा नाहीसा होण्याची कारणे बहुतेक वेळा निसर्गाशी निगडित असतात. आमच्याकडच्या पावसात ओढ्याकाठी ठेवलेले काहीच शिल्लक राहत नाही, कोरड्या जागी वही वाळवीच्या तोंडी पडते, आणि उन्हाळ्यात गवताला वणवा लागला की प्लास्टिकचा डबा वितळून दगडाला चिकटलेला आढळतो. शेजाऱ्याच्या अंगणातील पडलेले कुंपण आपण उभे करून देतो, तसेच हे आहे. यात कोणाचा हक्क हिरावला जातो, हे मला समजत नाही.

निपाणीकर:

आपण दोघेही डबा गेल्यानंतरची चर्चा करत आहात. तो जातो कसा, याकडे आधी पाहावे असे मला वाटते. तवंदी घाटाच्या परिसरात आणि आसपासच्या डोंगरांवर माझ्या पाहण्यात जे डबे गेले, ते बहुतेक माणसांनी नेले, आणि त्यांपैकी फार थोड्यांच्या मनात वाईट हेतू असेल. घट्ट झाकणाचा चांगला जेवणाचा डबा झुडपात पडलेला दिसला, तर गवत कापायला आलेली बाई तो कोणीतरी विसरला असे समजून घरी नेणारच. दुसरे म्हणजे, रविवारी गडांवर स्वच्छतेसाठी जाणारे तरुण प्लास्टिक दिसले की ते पोत्यात भरतात. ते आपले कामच करत असतात, आणि त्यांना चोर ठरवणे अन्यायाचे आहे.

डब्यांच्या आत जी चिठ्ठी असते ती बहुधा फक्त इंग्रजीत असते. ती ज्याने वाचायला हवी, त्यालाच ती वाचता येत नाही. आपल्या भागात ही चिठ्ठी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असलीच पाहिजे. मी वापरतो तो मजकूर असा आहे: ‘हा डबा कोणी विसरलेला नाही. तो एका शोधखेळाचा भाग आहे. पाहून झाल्यावर कृपया येथेच ठेवावा. येथे ठेवल्याने अडचण होत असल्यास खालील क्रमांकावर कळवावे, तो लगेच काढून नेण्यात येईल.’ त्याचे कन्नड रूप संकेश्वरच्या एका शिक्षक मित्राने करून दिले आहे. हवे असल्यास पाठवतो. आणि जेवणाचे डबे वापरू नयेत. शीतपेयाची बाटली फुगवण्यापूर्वीची जी जाड नळी असते, ती पाणी आत येऊ देत नाही आणि घरी नेऊन कोणाच्या उपयोगाचीही नसते.

आता मूळ प्रश्नावर. कोणीही आपल्या मनाने दुसरा डबा ठेवू नये, या बाबतीत मी राजहंस यांच्याच बाजूचा आहे. खानापूरकरांनी ज्याची पायपीट वाचवायची म्हटले आहे, त्याला चिठ्ठी नसलेली, नाव नसलेली डबीच मिळणार, आणि तीही दोन महिन्यांत जाणार.

मलप्रभा:

मी या चर्चेत थोडी वेगळी बाजू मांडू इच्छिते. आपण बेळगावच्या परिसराविषयी बोलत आहोत, जेथे मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे आणि कॅम्पचा मोठा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. बसथांब्याच्या मागे, पुलाखाली किंवा किल्ल्याच्या तटाजवळ कोणाचे नाव नसलेली बंद डबी आढळली, तर तिच्यामुळे काय गोंधळ होऊ शकतो याचा विचार थ्रोडाउन करणारा करत नाही. परदेशांत हौसेने वापरली जाणारी दारूगोळ्याची जुनी लोखंडी पेटी येथे तर कोणी मनातही आणू नये.

मालकाने जागेची परवानगी घेतलेली असते, निदान घेतलेली असावी असा नियम आहे. देवस्थानचे पंच किंवा शेताचा धनी ज्या माणसाला आणि ज्या डब्याला होकार देतात, तो होकार वाटेने जाणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या बाटलीला लागू होत नाही. खानापूरकरदादा, कोणाचा हक्क हिरावला जातो असे आपण विचारलेत. तो त्या जमीनधन्याचा.

जेथे डबा वारंवार जातो, तेथे तो पुन्हा ठेवण्याचा हट्ट तरी का धरावा? २००४ पासून अर्थकॅश नावाचा प्रकार अस्तित्वात आहे, आणि त्यात डबाच नसतो. त्या ठिकाणाची भूरचना पाहून प्रश्नांची उत्तरे मालकाला पाठवायची असतात. गोकाकचा धबधबा किंवा आपल्या जांभ्याचे सडे यांसाठी याहून योग्य काय असेल? तेथे चोरण्यासारखे काहीच नसते.

खानापूरकर:

मलप्रभाताई, परवानगीचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. मी त्या अंगाने विचार केला नव्हता. अर्थकॅश मात्र मला पुरेशी वाटत नाही. लहान मुलांना घेऊन गेल्यावर त्यांना उत्तरे लिहिण्यात रस नसतो. झाकण उघडून आत काय आहे हे पाहण्यातच त्यांचा आनंद असतो. आणि बेपत्ता मालकाचा प्रश्न तसाच राहतो. त्याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

राजहंस (बेळगाव):

उत्तर आहे, आणि ते संकेतस्थळाच्या व्यवस्थेतच आहे. डबा मिळाला नाही तर प्रामाणिकपणे ‘सापडला नाही’ अशी नोंद करावी. ही नोंद करायला आपल्याकडे अनेकांना कमीपणा वाटतो, पण मालकाला काहीतरी बिघडले आहे हे कळण्याचा तोच मार्ग असतो. झाकण तुटलेले मिळाले असेल, तर त्याचे छायाचित्र जोडून मालकाचे लक्ष वेधणारी नोंद करावी. तो गप्पच राहिला, तर रिव्ह्यूअरला, म्हणजे संकेतस्थळासाठी कॅश तपासून मंजूर करणाऱ्या स्वयंसेवकाला, कळवता येते. रिव्ह्यूअर ती कॅश तात्पुरती बंद करून साधारण महिनाभराची मुदत देतो, आणि तरीही काही झाले नाही तर ती कायमची नकाशावरून काढली जाते. जुन्या नोंदींचे पान मात्र पुसले जात नाही. त्यानंतर ती जागा मोकळी होते आणि आपण स्वतःच्या नावाने, परवानगी घेऊन, तेथे नवी कॅश ठेवू शकतो. मालक संपर्कात असेल पण येऊ शकत नसेल, तर तो आपल्या संमतीने कॅश दुसऱ्याला दत्तक देऊ शकतो. मात्र ती काढून टाकण्यापूर्वीच हे करावे लागते. खानापूरकर, आपल्यासारख्या तेथल्याच रहिवाशाने असे दोन-तीन डबे दत्तक घेतले, तर जांबोटीचा सगळा पट्टा सांभाळला जाईल.

एक भेद मात्र करायला हवा. ओली झालेली वही बदलून कोरडा कागद घालणे, ढिले झाकण घट्ट बसवणे, उघड्यावर आलेला डबा पुन्हा चिऱ्याआड सरकवणे ही मदत आहे, आणि ती करून मालकाला कळवावे. माझा विरोध नव्या डब्याला आहे, या मदतीला नाही.

निपाणीकर:

येथे एक पुस्ती जोडतो. काही वेळा डबे हेतुपुरस्सर नेले जातात, एकाच वाटेवरचे सगळे एका आठवड्यात. अशा वेळी त्याच जागी लगेच नवा डबा ठेवल्यास तोही जातो. काही काळ कॅश बंद ठेवणे, ती केवळ सशुल्क सभासदांना दिसेल अशी करणे आणि लपवलेल्या जागेची छायाचित्रे समाजमाध्यमांवर न टाकणे, एवढेच आपल्या हाती असते.

खानापूरकर:

दत्तक घेण्याची माझी तयारी आहे, आणि संबंधित मालकांना मी या आठवड्यात लिहितो. परंतु महिनाभराची मुदत आपल्याकडे जशीच्या तशी लागू करू नये, यावर मी कायम आहे. जून ते सप्टेंबर कणकुंबीच्या बाजूला ओढे भरलेले असतात, वाटा निसरड्या असतात, आणि भीमगड अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही. जुलैमध्ये केलेल्या तक्रारीवरून ऑगस्टमध्ये कॅश काढून टाकली, तर तो मालकावर अन्याय होईल. मालकांनीच मे महिन्याच्या अखेरीस आपल्या पावसाळी जागा तात्पुरत्या बंद कराव्यात, पानावर ‘दसऱ्यानंतर तपासणी होईल’ असे लिहावे, आणि रिव्ह्यूअरनेही मुदत तेव्हापासूनच मोजावी. आपण सर्वांच्या सहीने तसे विनंतीपत्र रिव्ह्यूअरला पाठवू या का? मसुदा मी लिहितो. निपाणीकरांनी आपल्या चिठ्ठीचे कन्नड रूप मला पाठवावे, म्हणजे दत्तक मिळणाऱ्या डब्यांत ते आधीच घालता येईल.