भिंतीवरची भाजलेली माती: चळवळ की सजावट?

खापरखुणा
सार्वजनिक जागेत सामाजिक प्रश्नावर बोलायचं तर सिरॅमिकइतकं चिवट माध्यम दुसरं नाही, असं माझं मत. पोस्टर पावसात जातं, रंगवलेल्या भित्तिचित्रावर एका रात्रीत चुना फिरतो. हजार अंशांपुढे भाजलेल्या टाइलवरचा रंग मात्र झिलईच्या काचेत अडकलेला असतो. तो घालवायचा तर कुणाला तरी दिवसाढवळ्या छिन्नी-हातोडा घेऊन उभं राहावं लागतं.

लंडनचं पोस्टमन्स पार्क बघा. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीला ५० वर्षं झाली तेव्हा, चित्रकार जी. एफ. वॉट्स यांनी तिथल्या 'टाइम्स' दैनिकाला पत्र लिहून सुचवलं की दुसऱ्याला वाचवताना जीव गमावलेल्या साध्या माणसांचं स्मारक करा. कुणी दाद दिली नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच ते या बागेत उभं केलं, भिंतीवर सिरॅमिकच्या पाट्या लावून. तिथल्या एका पाटीवर ॲलिस आयर्स आहे, १८८५ च्या आगीत तीन मुलांना वाचवून गेलेली. नावाखाली तिची ओळख काय, तर गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी. सेनापतींच्या पुतळ्यांच्या शहरात हे राजकारणच होतं.

तिरकट
असहमत. घर का पेटलं, जिना का नव्हता, मालक कोण, यातलं काही त्या पाटीवर आहे का? गरिबानं मरावं आणि श्रीमंत चित्रकारानं त्याचं कौतुक भिंतीला चिकटवावं, ही चळवळ कशी? आणि तेही अर्धवट: जागा १२० पाट्यांची, लागल्या ५४.

२०१४ ची लंडन टॉवर या जुन्या किल्ल्यातली पॉपीची लाल फुलं तर याहून सरस. पॉल कमिन्स आणि टॉम पायपर यांनी खंदकात ८,८८,२४६ सिरॅमिक फुलं लावली, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटन आणि वसाहतींच्या प्रत्येक मृत सैनिकामागे एक. जर्मन मेले ते मोजणीतच नाहीत. मग फुलं २५ पौंडाला एक अशी विकली. पैसे माजी सैनिकांच्या संस्थांना गेले, चांगलंच झालं. पण युद्ध इतकं देखणं दिसायला लागलं की त्याला जाब कोण विचारणार?

मौनीबाबा
छिन्नी-हातोडा ठीक, पण टाइल लावायची परवानगी ज्याच्याकडून घ्यायची तोच तक्रारीचा विषय असला तर? स्प्रेचा डबा मिनिटात काम करून पळतो. मोझेकला, म्हणजे टाइलचे तुकडे जोडून केलेल्या चित्राला, परांची लागते. म्हणजे भिंतीवर मंजूर झालेलंच दुःख चढणार.

खापरखुणा
@मौनीबाबा, स्वतःची भिंत असते ना! लंडनच्याच कलाकार कॅरी राइकार्ट यांनी राहत्या घराला मोझेक चढवलं. मृत्युदंडाविरुद्धचा त्यांचा आवाजही त्यात आहे.

मौनीबाबा
स्वतःचं घर असलेल्यांची चळवळ. बरं.

भट्टीवाली
हात मातीत असतात म्हणून बोलते. तुम्ही सगळे तयार भिंतीवरच भांडताय. चिनी कलाकार आय वेवे यांच्या, २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात मांडलेल्या सूर्यफुलाच्या बिया घ्या. पोर्सेलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या, १० कोटी बिया, चीनमधल्या जिंगदेझेन गावच्या सुमारे १,६०० कारागिरांनी घडवून हातानं रंगवलेल्या. लोकांनी त्यावरून चालावं असा बेत होता. काही दिवसांतच धुळीच्या भीतीनं चालणं बंद झालं आणि सगळे कडेला उभे राहून बघू लागले. सामान्य माणसाच्या गर्दीवरचं काम, आणि नाव कुणाचं राहिलं? एकाचं.

उलट १९९० मध्ये मिशिगनच्या एका शाळेतून निघालेलं 'एम्प्टी बोल्स' मला पटतं. मुलांनी वाडगी घडवायची, पाहुण्यांनी त्यात साधं जेवण जेवून पैसे द्यायचे, ते भुकेल्यांसाठी जायचे, आणि रिकामं वाडगं पाहुण्यानं घरी न्यायचं. घडवणारा आणि बोलणारा एकच.

आणि @खापरखुणा, चिवटपणाचं इतकं गाऊ नका. कमी भाजलेली माती पाणी पिते, गोठली की पापुद्रे सुटतात. टाइल पडते ती बहुतेकदा मागच्या गिलाव्यामुळे, झिलई बिचारी शाबूतच असते.

तिरकट
वाडगं घरी गेलं की सार्वजनिक काय उरलं? वर्गणीच ती, जेवणासकट. भूक का आहे हे त्या वाडग्यालाही विचारता येत नाही.

खापरखुणा
मग तुमची घरमालकाच्या नावाची टाइल लावायची कुठे?

तिरकट
त्याच्याच भिंतीवर. रात्री.

भट्टीवाली
रात्री लावलेली टाइल पहाटे नखानंही निघेल हो. चिकटवणी धरायला दिवस तरी द्या, आणि तोवर तिथे राखणीला कोण बसणार तेवढं आधी ठरवा.