मदत हवी आहे : अ‍ॅक्शन फिगर सीलबंदच ठेवाव्यात की पेटीतून बाहेर काढाव्यात?

नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे चित्रपट-मालिकांतल्या पात्रांच्या हातपाय हलवता येणाऱ्या प्लास्टिकच्या बाहुल्या, जमवतो आहे. आज माझ्याकडे चौतीस फिगर आहेत आणि त्यांतली एकही मी अद्याप हातात घेतलेली नाही. ज्यांच्याकडून हा छंद शिकलो ती सगळी मंडळी ‘मिंट ऑन कार्ड’वाली (मूळ कार्डावर न उघडलेलीच फिगर जपणारी) होती, म्हणजे वेष्टनाला सुरकुती पडली तरी जीव खालीवर होणारी, त्यामुळे पेटी उघडायची नसते हे मी नियमासारखे पाळत आलो आणि त्यामागचे कारण स्वतःला कधी विचारले नाही. गेल्या महिन्यात कपाट आवरताना तीन फिगरनी ते विचारायला भाग पाडले, म्हणून हा धागा.

पहिली फिगर लाल पोशाखाची, मऊ प्लास्टिकचा झगा घातलेली, खिडकीच्या (पुढून पारदर्शक प्लास्टिक लावलेल्या) पेटीतली. टॉर्चचा उजेड तिरका पाडून पाहिला तेव्हा झग्यावर तेलाचा हात फिरवल्यासारखी चकाकी दिसली, आणि झगा जिथे आतल्या पारदर्शक ट्रेला टेकतो तिथे ट्रेवर धुरकट ठसा उमटलेला आढळला. ट्रेच्या खाचेत पाय किंचित वाकवून बसवलेले असल्याने डाव्या पोटरीला आता कायमचा बाक आल्यासारखा वाटतो. दुसरी फिगर कार्डावरची आहे, म्हणजे छापील पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या फुगवट्यात (बबलमध्ये) बंद केलेली. तिचा बबल चहाच्या पाण्यासारखा पिवळा पडला असून खालचा एक कोपरा कार्डापासून नखभर सुटला आहे. तिसऱ्या फिगरच्या छातीत दिवा आहे. दुकानात दाबून पाहता यावे म्हणून पेटीला पुढून भोक ठेवलेले असते, तशा प्रकारची. आठ वर्षांपूर्वी आणली तेव्हा तो दिवा लागत होता. आता लागत नाही, आणि सेल आतच आहेत.

या तिन्ही फिगर उन्हापासून दूर, बंद कपाटात, कोणी हात न लावता ठेवलेल्या होत्या. म्हणजे सांभाळण्यात हयगय झाली असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. तरीही सीलच्या आत काहीतरी घडत राहिले आणि सील असल्यामुळेच मला ते थांबवता आले नाही, ही गोष्ट मनातून जात नाही.

मी विक्रेता नाही. पण किमतीची मला अजिबात पर्वा नाही असे म्हटले तर तेही खोटे ठरेल. फिगरची अवस्था तपासून शंभरपैकी गुण देणाऱ्या आणि ती कडक अ‍ॅक्रिलिकच्या खोक्यात बंद करून देणाऱ्या संस्था आहेत. त्या लूज, म्हणजे वेष्टनातून काढलेल्या, फिगरलाही गुण देतात, परंतु सीलबंद फिगरला गिऱ्हाईक ज्या नजरेने पाहते ती नजर लूजच्या वाट्याला येत नाही. या छंदात पुठ्ठ्याची प्रतिष्ठा फार जुनी आहे. १९७७ च्या नाताळात केनर कंपनीकडे ‘स्टार वॉर्स’च्या फिगर तयार नव्हत्या, तेव्हा तिने चक्क एक पुठ्ठ्याचे पाकीट विकले, ज्यात फिगर नव्हे तर फिगर मागवण्याचा कागद होता, खऱ्या चार फिगर पुढच्या वर्षी टपालाने घरोघरी पोहोचल्या. आज ते पाकीटसुद्धा लोक जपून ठेवतात. हे वाचले तेव्हा मला हसू आले होते. आता माझ्या कपाटाकडे पाहून तितकेसे येत नाही.

जाणकारांना माझा प्रश्न असा आहे की, वरील तीन फिगरच्या बाबतीत उघडल्याने बिघाड थांबेल की उलट वाढेल? उघडायचेच झाले तर पेटी शक्य तितकी शाबूत राहील अशा रीतीने ते कसे करावे? आणि उरलेल्या एकतीस फिगरसाठी एकच धोरण ठेवणे शहाणपणाचे आहे का? ‘तुमच्या आनंदासाठी जे वाटेल ते करा’ हा सल्ला मला अनेकांनी दिलेला आहे आणि तो चुकीचाही नाही, पण त्याने झग्यावरची चकाकी जात नाही. कृपया साहित्य आणि जपणूक यांच्या अंगाने उत्तर द्यावे, ही विनंती.

प्रतिसाद १

तुमच्या लाल झग्याचे दुखणे नेहमीचे आहे. पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक असते. ते मऊ व्हावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मिसळतात. हे द्रव्य प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते त्यात मुरलेले असते, त्यामुळे वर्षानुवर्षे ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहते. तुम्हाला दिसलेली चकाकी ती हीच. शाळेत असताना खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला टेकून कंपासपेटीत महिनोन्‌महिने पडून राहिला की तो पट्टीत रुतून बसायचा आणि पट्टी तिथे विरघळल्यासारखी व्हायची, हे अनेकांनी पाहिले असेल. तिथेही हेच द्रव्य खोडरबरातून पट्टीत उतरलेले असते. तुमच्या ट्रेवरचा ठसा त्याच जातीचा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ‘मोकळ्या हवेत ठेवा, म्हणजे चिकटपणा जाईल’ असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. हवा लागली की पृष्ठभागावरचे द्रव्य उडून जाते आणि फिगर कोरडी वाटते, हे खरे. पण आतून जितके द्रव्य जाईल तितके प्लास्टिक आकसते आणि ताठ होते. म्हणूनच संग्रहालयांत मऊ पीव्हीसीच्या वस्तू जपणारे तज्ज्ञ त्या काचेसारख्या काहीही न शोषणाऱ्या बंद भांड्यात ठेवण्याच्या बाजूचे असतात आणि पॉलिथिनची पिशवी मात्र टाळतात, कारण ती हे द्रव्य शोषून घेते. ‘मग सीलबंद पेटीच बरी’ असे तुम्ही म्हणाल. तसेही नाही. दुकानातली पेटी हवाबंद नसते, तिचा पुठ्ठा शोषक असतो आणि आतला ट्रे फिगरला ठिकठिकाणी घट्ट टेकलेला असतो. बंद ठेवण्याचा फायदा मिळत नाही, तोटा मात्र पदरात पडतो.

माझे मत विचाराल तर ही फिगर बाहेर काढा, कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा आणि काचेच्या कपाटात थंड जागी, दुसऱ्या कोणत्याही फिगरला न टेकवता उभी करा. स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव्य कदापि वापरू नका, रंग जाईल. वाकलेली पोटरी कढत, परंतु उकळते नव्हे, अशा पाण्यात अर्धा-एक मिनिट धरा, मऊ झाली की बोटांनी सरळ करा आणि तशीच धरून थंड पाण्यात बुडवा. प्लास्टिक तो आकार धरून ठेवते.

जाता जाता एक सांगतो. १९८२ पासूनच्या छोट्या ‘जी. आय. जो’ या मालिकेतल्या सैनिकांच्या फिगरमध्ये धड आणि पाय एका रबरी कड्याने जोडलेले असतात. ते कडे सीलबंद कार्डावरसुद्धा सुकून तुटते. बबलमध्ये कमरेपासून दोन तुकडे झालेला सैनिक मी पाहिला आहे, आणि त्याच्या मालकाला तो दुरुस्त करायला बबल फोडण्यावाचून मार्ग नव्हता. पाठीतला एक स्क्रू काढून नवे कडे बसवणे हे दहा मिनिटांचे काम, पण त्याला ते तीन वर्षे करवले नाही.

प्रतिसाद २

मी न उघडणाऱ्यांच्या पंथातला आहे, तरी वरच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे. फक्त खिडकीची पेटी आणि कार्ड यांना एकाच तराजूत घालू नका. खिडकीच्या पेटीचा टेप कापला तर पेटी उरते. फिगर परत आत ठेवता येते आणि दोन हातांवरून पाहणाऱ्याला फरकही कळत नाही. कार्डावरचा बबल एकदा निघाला की त्याबरोबर कार्डाचा छापील थर सोलून येतो आणि ते वेष्टन कायमचे संपते. त्यामुळे तुमची दुसरी फिगर मी असतो तर मुळीच उघडली नसती. कोपरा सुटला आहे तो गोंदाने चिकटवायलाही जाऊ नका. नंतर कोणी तपासले तर ती लबाडी समजली जाते. बबलवर दाब येणार नाही अशा कडक पारदर्शक खोक्यात कार्ड उभे ठेवा आणि वर्षातून दोनदा पाहत जा. पिवळेपणा मागे फिरत नाही.

सील हा पुरावाही असतो, हे आपण विसरतो. १९७८ च्या पहिल्या बारा ‘स्टार वॉर्स’ फिगरपैकी जावा या पात्राला सुरुवातीला प्लास्टिकचा झगा होता, तो लवकरच बदलून कापडी करण्यात आला. आज प्लास्टिकच्या झग्याचा लूज जावा कोणी दाखवला की पहिला संशय येतो तो झगा बनावट असल्याचा, कारण फिगर तीच आणि नकली झगा चढवणे सोपे. कार्डावरच्या जावाबद्दल हा वाद बराच कमी होतो.

मात्र सीलची भक्ती कुठवर करावी, यालाही मर्यादा आहे. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने मध्यंतरी प्लास्टिक टाळण्यासाठी खिडकी नसलेल्या पेट्या आणल्या आणि पुढे खिडक्या परत आणल्या. त्या मधल्या काळातल्या पाच पेट्या माझ्याकडे आहेत. आत नेमकी कोणती फिगर आहे, तिचे डोळे सरळ रंगवले आहेत की तिरळे, हे मला ठाऊक नाही. चित्र पाहून समाधान मानतो. हे हास्यास्पद आहे, कबूल आहे.

प्रतिसाद ३

बाकी चर्चा सावकाश करा, पण तिसरी फिगर आजच उघडा. बटन सेल जुने झाले की फुटून पाझरतात आणि त्यातले क्षारद्रव्य आधी पितळी पट्ट्या खाते, मग तारा. पांढरी-हिरवट बुरशीसारखी साठवण दिसली तर हातमोजे घालून सेल काढा, कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसा, नंतर पाण्याने ओलसर केलेल्या काडीने पुन्हा पुसून वाळू द्या. सेलवाल्या सगळ्या पेट्यांना हेच लागू. या प्रकारात सील सांभाळणे म्हणजे गळक्या टाकीचे झाकण सांभाळणे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय केले ते लिहितो.

आधी तिसरी फिगर काढली. पेटीच्या तळाकडच्या दोन गोल टेपांखाली पात्याचे टोक सरकवून त्या मधोमध कापल्या. पुठ्ठ्याला ओरखडासुद्धा आला नाही. पाठीवरचे झाकण उघडताच तीन सेलपैकी एक फुगलेला आणि त्याच्याभोवती पिठासारखा थर दिसला. व्हिनेगरने पट्ट्या स्वच्छ झाल्या, पण एका पट्टीचे टोक खाऊन गेलेले होते. नवे सेल घालूनही दिवा लागला नाही. दोन वर्षे आधी उघडली असती तर बहुधा लागला असता.

लाल फिगरला अधिक वेळ लागला. ट्रेच्या मागे पिळाच्या चार तारा होत्या. त्या न कापता उलगडल्या, कारण परत ठेवायची वेळ आली तर त्याच हव्या होतात. कमरेवरच्या तारेने झग्यावर केसाएवढा चर पाडला आहे, तो खिडकीतून कधीच दिसला नव्हता. पेटी उघडल्यावर नव्या रेनकोटासारखा वास आला आणि बोटांना झगा मेणचट लागला. दोनदा धुतल्यावर तो मेणचटपणा गेला. पोटरी कढत पाण्याने पहिल्या प्रयत्नात सरळ झाली नाही, दुसऱ्यात झाली. मग मी ती फिगर हातात धरून बराच वेळ तिचे खांदे, कोपर आणि मनगटे नुसती फिरवत बसलो. अकरा वर्षांत मला तिच्या पाठीवर पंखांचे कोरीव काम आहे हेच माहीत नव्हते, कारण ती बाजू ट्रेकडे होती.

कार्डावरची फिगर उघडलेली नाही, उघडणारही नाही. तिच्यासाठी कडक खोके मागवले आहे. उरलेल्या एकतीसची यादी केली तेव्हा दोन पेट्यांत सेल निघाले आणि नऊ पेट्यांत मऊ प्लास्टिकचे झगे किंवा पट्टे आहेत. या अकरा पेट्या येत्या दोन महिन्यांत एकेक करून उघडेन. कडक प्लास्टिकच्या आणि कार्डावरच्या बाकीच्या वीस तूर्त जशा आहेत तशा राहतील, फक्त दर सहा महिन्यांनी टॉर्च लावून पाहीन.

आता एक नवीच अडचण उभी राहिली आहे. लाल फिगरचा उजवा घोटा इतका सैल आहे की ती काचेच्या फळीवर तासाभरात पुढे कलते. इतकी वर्षे तिला ट्रेने धरून ठेवलेले असल्याने हे मला कळायला वाव नव्हता. यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १ यांचे उत्तर

आहे. घोटा गोळी-खोबणीचा असेल तर पाऊल सरळ ओढून काढा. निघत नसेल तर कढत पाण्यात धरून मग ओढा, जोर लावू नका. गोळीवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वार्निशचा एकच पातळ थर द्या आणि रात्रभर वाळू द्या. पूर्ण वाळण्यापूर्वी पाऊल बसवले तर ते कायमचे चिकटेल. एका थराने भागले नाही तर दुसरा द्या, पण दोन थरांमध्ये सांधा बसवून पाहा. तोवर तिला आडवी ठेवा, मऊ सुती कापडावर, झगा खाली दबणार नाही अशी.