मदत हवी आहे: रोमचं सेंट पीटर्स स्क्वेअर आणि बॅसिलिका, सोबत दोन विहिणी

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात रोमला चाललो आहोत. मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि आम्हा दोघांच्या आया. माझ्या आईचे गुडघे कुरकुरतात. साबा (सासूबाई) मात्र अजून सिंहगड पायी चढतात आणि 'चर्चच्या घुमटावर जायचंच' म्हणून आत्तापासून हटून बसल्यात. म्हणजे एकीला कमीत कमी चालवायचं आणि दुसरीला जास्तीत जास्त वर न्यायचं, तेही एकाच सकाळी.

मुक्काम तेर्मिनी स्टेशनजवळ. व्हॅटिकन म्युझियमची तिकिटं मंगळवार दुपारची काढली आहेत आणि बुधवारी सकाळी नऊला चौक आणि बॅसिलिका (म्हणजे ते भव्य चर्च), असा बेत आहे. बॅसिलिका फुकट आहे ना? मग ऑनलाइन 'स्किप द लाइन' म्हणून विकतात ते काय असतं? म्युझियममधून थेट बॅसिलिकेत जाता येतं का? घुमटाची लिफ्ट कुठपर्यंत जाते? आम्ही वर गेलो तर आईने तेवढा वेळ खाली काय करायचं? आणि कपड्यांचंही सांगा, लेकीच्या बॅगेत शॉर्ट्सशिवाय काही दिसत नाहीये.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

भटकी_चप्पल:
आधी बुधवार बदला! पोप रोममध्ये असले की बुधवारी सकाळी चौकात त्यांची सार्वजनिक भेट असते. खुर्च्या मांडलेल्या, अर्धा चौक अडवलेला, आणि बॅसिलिका पर्यटकांना साधारण दुपारीच उघडते. नऊला पोचलात तर कुंपणाबाहेरून घुमट बघाल.

बॅसिलिकेचा प्रवेश फुकटच. ऑनलाइन विकतात ती वेळेची आगाऊ नोंदणी, नाहीतर ऑडिओ गाईड किंवा गाईडचे पैसे. विमानतळासारखी तपासणी कुणालाच चुकत नाही आणि रांग असते ती या तपासणीचीच, चौकाच्या उजव्या अंगाला. सकाळी सातला दार उघडतं तेव्हा गेलात तर रांग नसल्यात जमा. दहानंतर ती खांबांच्या कडेने वळत वळत कुठवर जाईल सांगता येत नाही. साबांच्या बटव्यात अडकित्ता असेल तर तो हॉटेलवरच ठेवा. :)

म्युझियममधून थेट जायचं डोक्यातून काढून टाका. म्युझियममधल्या सिस्टीन चॅपलमधून बॅसिलिकेकडे जाणारा तो आडवाटेचा दरवाजा सगळ्यांसाठी नसतो. म्युझियमचं दार पार दुसऱ्या बाजूला आहे. तिथून तटबंदीच्या कडेकडेने चौकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल, आणि म्युझियम पायाखाली घातल्यावर तुमच्या आईला ती नको होईल. दोन दिवस वेगळे ठेवलेत ते उत्तम.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. साड्यांना काहीच अडचण नाही. लेकीला एक लांब पॅन्ट घ्यायला लावा.

वसईची_पोर:
+१, बुधवारबद्दल. पण पोपना बघायचंच असेल तर रविवारी दुपारी बाराला या. ते राजवाड्याच्या खिडकीत येतात, प्रार्थना आणि आशीर्वाद होतो, तिकीट वगैरे काही नाही. बुधवारच्या भेटीची तिकिटंही फुकट असतात, कुणी पैसे मागितले तर समजून जा.

बॅसिलिकेत शिरल्या शिरल्या उजवीकडे पिएता आहे, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मरियेचं संगमरवरी शिल्प. मिकेलांजेलोने ती विशीत असताना घडवली. १९७२ साली एकाने तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काचेआड असते. तिच्या शेजारच्याच चॅपलमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांची कबर आहे, आमची मंडळी तिथे थांबून जातात. आईंना बसायचं असेल तर संध्याकाळच्या मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) या. ख्रिस्ती नसलात तरी कुणी अडवत नाही. मात्र तिथे फोटो काढत बसू नका, प्लीज.

विटा_चुना_वाळू:
मी आर्किटेक्ट, त्यामुळे जरा लांबण लागेल, माफी असावी.

लिफ्ट फक्त गच्चीपर्यंत. सगळं पायी चढलात तर ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी पुढे ३२० उरतातच. गच्चीवर स्वच्छतागृह आणि कॉफी मिळते, दर्शनी भिंतीवरचे संतांचे प्रचंड पुतळे तिथून पाठमोरे दिसतात. तुमच्या आईही लिफ्टने गच्चीपर्यंत येऊ शकतील. पुढे घुमटाच्या आतला कठडा येतो, तिथून खाली मुख्य वेदीवरची, शिल्पकार-वास्तुकार बर्निनीची काशाची छत्री दिसते. ती सुमारे २९ मीटर उंच आहे, वरून मात्र खेळण्यातली वाटते. त्यानंतर घुमटाच्या दोन कवचांमधला जिना. भिंत कललेली असते, म्हणून माणूसही कलून चालतो. शेवटी गोल जिना इतका अरुंद की कठड्याऐवजी मधोमध दोर लोंबतो, तो धरून चढायचं. मध्येच परत फिरता येत नाही. सिंहगडवाल्या साबा चढतील, पण कोंदट जागेत जीव घाबरतो का ते आधी विचारून घ्या.

आता आईंसाठी. खरं सांगायचं तर या चौकातली सगळ्यात भारी गंमत जमिनीवरच आहे. बर्निनीने १६५६ ते १६६७ या काळात ही खांबांची मिठी उभी केली: चार ओळींत २८४ खांब. मधला ओबेलिस्क (उंच, टोकदार दगडी स्तंभ) आणि कारंजं यांच्यामध्ये फरशीत एक गोल दगड बसवलेला आहे, दोन्ही बाजूंना एकेक. त्यावर उभं राहून जवळच्या खांबांकडे बघा. मागच्या तीन ओळी पुढच्या खांबाआड गडप होतात आणि एकच ओळ उरते. एक पाऊल बाजूला सरका, की मागून खांब डोकावायला लागतात. आईंना तिथे उभं करा आणि कुणी काही सांगू नका, त्यांचं त्यांना कळू दे.

तो ओबेलिस्क इजिप्तमधून सम्राट कॅलिग्युलाने आणवला. १५८६ मध्ये दोमेनिको फोन्तानाने शेकडो माणसं, घोडे आणि दोरखंड लावून तो आजच्या जागी उभा केला. चौक आखायच्या आधीपासून तो तिथे होता, बर्निनीला त्याच्याभोवती रचना करावी लागली.

आत गेल्यावर पवित्र पाण्याची भांडी धरलेली गुबगुबीत देवदूत-बाळं दिसतील. दुरून तान्ही वाटतात. लेकीला शेजारी उभं करून फोटो काढा, बाळ तिच्यापेक्षा उंच निघेल. या इमारतीचा आकार डोळ्यांना फसवतो, तो असा एखाद्या वस्तूशी ताडूनच कळतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! बेत बदलला. गुरुवारी पहाटे निघून सातला रांगेत. आई गच्चीपर्यंत सोबत, पुढे साबा, लेक आणि नवरा. मी आईबरोबर कॉफी पिणार (हे मी आधीच ठरवून टाकलंय). कोंदट जागेचं साबांना विचारलं, 'दोर आहे ना, मग झालं' असं उत्तर आलं.

एकच राहिलं: तेर्मिनीहून ६४ नंबरची बस की मेट्रो?

भटकी_चप्पल:
मेट्रो. ए लाइनने सरळ ओत्ताव्हियानो, तिथून दहा मिनिटं सपाट रस्ता. ६४ जवळ सोडते, पण खिसेकापूंसाठी ती पूर्वापार बदनाम आहे. मेट्रोतही पर्स पुढेच धरा. आईंना चौकातलं व्हॅटिकनचं पोस्टही दाखवा. त्यांची तिकिटं फक्त त्यांच्याच पेटीत चालतात, तेव्हा कार्ड घरी पाठवायचं असेल तर तिथेच लिहून तिथेच टाकायचं. पेन सोबत न्या.